नव्या कॅबिनेटमध्ये २०११ सालचं मशीन: माझे ४८,१०० रुपये कसे गेले

४१,००० रुपये मशीनचे. वर २,४०० एसएमपीएसचे (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा), ३,५०० वर्षाच्या मेंटेनन्सचे आणि १,२०० ‘सॉफ्टवेअर’चे. एकूण ४८,१०० रुपये. एवढे पैसे मोजून मी जे घरी आणलं, ते २०११ सालचं सामान होतं. नवं होतं ते कॅबिनेट आणि आतले एक-दोन भाग. आणि हे मला कळायला वर्ष गेलं.

लिहायची लाज वाटते. तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स. रोज आठ-दहा तास कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई अशी कशी फसते, हे नवऱ्यानं विचारून झालंय, दिरानं विचारून झालंय, हवालदारानंही विचारून झालंय. तुम्ही विचारू नका. मला कोरल येतं, फोटोशॉप येतं, श्रीलिपीत कीबोर्डकडे न बघता टाइप करते. कॅबिनेटच्या आत कुठल्या सालचा प्रोसेसर बसलाय हे ओळखायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुकानदाराला पैसे देतो ते त्यासाठीच.

‘आय-सेव्हन, १६ जीबी, एसएसडी, फक्त ९,९९९’ अशा जाहिराती तुम्हीही बघता, मीही बघते. त्यात जुनं सामान असतं हे सगळ्यांना माहीत आहे. मी स्वस्ताच्या मागे गेले नव्हते, हे आधी सांगते. मी नव्या मशीनचे नव्यासारखे पैसे दिले. जिल्ह्याच्या गावी, स्टँडजवळच्या, काचेचा दरवाजा असलेल्या दुकानात दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. जुनं मशीन कोरलची मोठी फाइल उघडताना आचके द्यायचं. म्हणून मुहूर्तावर नवं घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं पॅडवर लिहून दिलं: आय-सेव्हन प्रोसेसर, बोर्ड आणि १६ जीबी रॅम मिळून २१,५००, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड ८,५००, ५१२ जीबी एसएसडी ३,२००, १ टीबी हार्ड डिस्क २,८००, कॅबिनेट आणि ४५० वॅटचा एसएमपीएस ४,२००, ओरिजिनल विंडोज १,५००, फिटिंग ५००. बेरीज ४२,२००. घासाघीस करून ४१,०००.

आता तो कागद पुन्हा वाचा. प्रोसेसरचा नंबर आहे का? नाही. बोर्डाचं मॉडेल? नाही. कार्डाचं नाव? तेही नाही, ‘जीटीएक्स १०५० टीआय’ हे तोंडी सांगितलं आणि चकचकीत खोका हातात दिला. रॅम जुन्या पिढीची डीडीआर-३ की नंतरची डीडीआर-४? काही नाही. ‘ओरिजिनल विंडोज’ सोडलं (ते पुढे सांगते) तर एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द उपयोगाचा नाही. ‘नवीन’ हा शब्द तर कागदावर कुठेच नव्हता, तो फक्त तोंडात होता.

१५,००० आगाऊ दिले, यूपीआयवर. स्क्रीनवर दुकानाऐवजी कुणा बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “घरच्यांचं खातं आहे ताई, दुकानाच्या खात्याला लिमिट लागलीय.” उरलेले २६,००० रोख. “पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी, तुमचे उगाच ७,३८० जातील,” असंही वर. मी कच्च्या बिलावर राजी झाले. आमच्याकडे पक्कं बिल मागतं कोण? माझ्याकडे पत्रिका छापायला येणाऱ्यांनी आजवर मागितलेलं नाही. पण तुम्ही मागा. ७,३८० वाचवल्याचा आनंद मला पुढे पोलीस ठाण्याच्या बाकावर पुरेपूर मिळाला.

ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो क्षण दुकानात आला नाही, घरी आला. दुकानाचा पोरगा मशीन जोडायला आला होता. माझा मॉनिटर जुना आहे, त्याला निळ्या टोकाची, १५ पिनांची व्हीजीए केबल लागते. मला धाकधूक होती की नव्या मशीनला ती लागणार नाही आणि कनव्हर्टर घ्यावा लागेल. पोरानं मागे हात घातला, केबल थेट ग्राफिक्स कार्डात खोचली, स्क्रू आवळले. “बघा ताई, तुमचा जुना मॉनिटरपण चालला. ३०० रुपये वाचले.” मी खूश. त्याला चहा दिला, वर दसऱ्याचं म्हणून सोनपापडीचा डबा दिला.

जीटीएक्स १०५० टीआय या कार्डातून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. ते कार्ड ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आलं, आणि त्या पिढीपासून एनव्हिडिया या कंपनीनं ॲनालॉग, म्हणजे व्हीजीएला लागणारं, आउटपुट काढूनच टाकलं. म्हणजे थेट व्हीजीएचं सॉकेट असलेलं १०५० टीआय दिसलं की ते बहुतेक नकली, तिथेच थांबा आणि तपासून घ्या. ते सॉकेट माझ्या डोळ्यांसमोर होतं. वर्षभर मी धूळ पुसायला मशीन वळवत होते आणि दर वेळी त्या निळ्या केबलला फडकं लावत होते. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ४१,००० आठवत नाहीत, ती केबल आठवते. आणि तो सोनपापडीचा डबा.

पोरगा जाताना आणखी एक बोलून गेला होता: “ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करू नका, आम्ही टाकलाय तोच ठेवा.” (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम.) आणि मी विंडोज ११ का नाही विचारलं तेव्हा: “अकरा जड आहे ताई, कोरलला दहाच बरी.” हे तर इतकं पटण्यासारखं होतं! आमच्या लाइनमधले निम्मे लोक अजून जुन्या विंडोजला चिकटून आहेत. पण खरं कारण असं की विंडोज ११ ला इन्टेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझ्या प्रोसेसरवर ती सरळ मार्गानं चढलीच नसती. तेव्हा दुकानदार ‘अकरा नको’ म्हणाला, तर तिथेच म्हणा, ‘मला अकराच हवी, माझ्यासमोर टाका.’ त्याचा चेहरा बघा.

निवडणुकीच्या ऐन धावपळीत, मतदान २० नोव्हेंबरचं, मशीन निळं पडायला लागलं. पान लावता लावता निळी स्क्रीन, पुन्हा चालू, पुन्हा निळी. एका उमेदवाराचं ६,८०० रुपयांचं हँडबिलांचं काम माझ्या हातून निसटून समोरच्या गल्लीत गेलं. (हे ६,८०० वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.) दुकानदारानं मशीन मागवून घेतलं, “एसएमपीएस गेलाय, तुमच्याकडे लाइट वरखाली होते” म्हणाला आणि २,४०० लावले. वॉरंटी? “लाइटनं गेलेलं वॉरंटीत बसत नाही.” आमच्याकडे लाइट खरंच वरखाली होते. खोटं बोलणाऱ्यानं निम्मं खरं सांगितलं की आपण उरलेलं निम्मं स्वतःच जोडून घेतो.

खरं काय झालं होतं ते आता सांगते. त्या कार्डातली चिप २०१०-११ च्या सुमाराची, १९२ कोअरची. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, बदलून त्याला ‘मी १०५० टीआय आहे’ असं बोलायला लावलेलं. विंडोजनं अपडेटमध्ये त्या नावाचा ड्रायव्हर आपणहून उतरवला, तो जुन्या चिपला पेलवेना, म्हणून निळी स्क्रीन. दुकानदारानं परत जुना ड्रायव्हर टाकला आणि अपडेट बंद केलं. यात एसएमपीएसचा काही संबंध नव्हता. २,४०० कशाचे होते ते त्यालाच ठाऊक.

मेंटेनन्सच्या ३,५०० बद्दल फार लिहीत नाही, डोकं फिरतं. पोरगा एकदा आला, ब्लोअर मारला, एक ‘क्लीनर’ टाकून गेला, जो रोज लाल अक्षरात घाबरवायचा. पुढे फोन केला की “उद्या येतो”. मे महिन्यात मशीन दुपारी आपोआप बंद पडायला लागलं, तेव्हाही “उद्या येतो”. आमच्या गावात मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, त्यानं प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. नवी लावली, २०० रुपये घेतले, मशीन बंद पडायचं थांबलं. तो तेव्हाच म्हणाला होता, “मावशी, ही पेस्ट सात महिन्यांची वाटत नाही.” मी म्हटलं, उन्हाळा किती आहे बघतोस ना. मीच त्या दुकानदाराची वकिली करत होते.

त्याआधी एप्रिलमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असं फिकट अक्षरात उमटलं होतं. सहा महिने झाले होते, हा योगायोग नव्हे. कंपन्या आपल्या शेकडो मशीनसाठी वापरतात त्या केएमएस पद्धतीत ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, मग ते पुन्हा ताजं करून घ्यावं लागतं. दुकानदार त्याची नक्कल करणारं टूल चालवतात आणि ‘ओरिजिनल’चे पैसे लावतात. दीड हजारात नव्या विंडोजचं खरं लायसन्स येत नाही, हे मला कळायला हवं होतं म्हणता? मी पूर्वी कधी लायसन्स विकतच घेतलं नव्हतं, पहिल्यांदा प्रामाणिकपणे घेतलं ते हे. पुन्हा १,२०० घेऊन त्यानं तेच टूल चालवलं. तुमचं बघायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एसएलएमजीआर /एक्सपीआर हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘कायमचं’ असं न येता पुढची तारीख आली, तर ओळखा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट संपवला. मशीनवर पाट्या यायला लागल्या. दिवाळीला भाऊ-भावजय आले होते, भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याला म्हटलं एवढं अकरा टाकून दे. त्यानं तपासलं तर उत्तर आलं, हा प्रोसेसर चालणार नाही. “आत्या, वर्षाचं मशीन ना?” मग त्यानं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि गप्प बसला. तिथे लिहिलेलं होतं: आय-सेव्हन-२६००, ३.४० गिगाहर्ट्झ. ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. मी वाचलेलंही होतं! भाच्याच्या लॅपटॉपवर आय-फाइव्ह-१२३५यू आहे, आणि मी मनात म्हटलं होतं, आपला २६०० म्हणजे मोठाच की.

तर हे पाठ करा. आकडा मोठा-लहान बघायचा नसतो, सुरुवात बघायची असते. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, जानेवारी २०११. १२३५ मधले १२ म्हणजे बारावी, २०२२. ३७७० तिसरी, ४७७० चौथी. आणि आय-सेव्हननंतर तीनच आकडे दिसले, ८७० वगैरे, तर ती पहिली पिढी, त्याहून जुनी. आय-सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलंय, त्यावरून वय कळत नाही. नव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा माझ्या आय-सेव्हनला मागे टाकतो.

भाच्यानं जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं टूल चालवलं, तर कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ असं स्वच्छ लिहून आलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या टूलमध्ये हार्ड डिस्कचे चालू तास बघितले: ३५ हजारांच्या पुढे. म्हणजे सलग ४ वर्षं, दिवसरात्र. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेली डिस्क अशीच चाललेली असते. रॅम डीडीआर-३. बोर्ड मात्र खरोखर नवा आणि खोक्यातला, पण जुन्या प्रोसेसरसाठीच्या एच-६१ चिपसेटचा. असे बोर्ड जुने प्रोसेसर खपवायला अजून नव्यानं बनतात. दुकानदार “बोर्ड सीलबंद आहे” म्हणाला होता, ते खरंच होतं! एसएसडीही नवी निघाली, आणि खरी मेख तीच. एसएसडीमुळे मशीन झटकन सुरू व्हायचं, म्हणून वर्षभर मला नवं वाटत राहिलं. बाजारात म्हातारी म्हैस शिंगं रंगवून, तेल लावून उभी करतात, तसा हा सगळा साज. भाच्याच्या मते मॉनिटर सोडून सगळ्याचे १२ हजार आले तरी डोक्यावरून पाणी.

दुकानदाराकडे गेलो. तो शांत. “ताई, आय-सेव्हन सांगितलं, आय-सेव्हन दिलं. नवीन असं लिहिलंय का कुठे?” कार्डाचं विचारलं तर “वरून असंच येतं, आम्हालापण असंच येतं.” आणि वॉरंटी? “ती तर परवाच संपली की.” वर ऑफर: हे मशीन ६,००० ला परत घेतो, ५५,००० चं नवं न्या. नवरा तिथेच त्याच्या अंगावर जायला निघाला होता.

आणि मग सुरू झालं सरकारी खातं. हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, दुकान दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे तुम्ही यूपीआयनं तुमच्या गावातून पाठवले, तिकडेच करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये साफ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. भाच्यानं फोनवर ते कलम काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, “मोबाइलवरचा कायदा इथे चालत नाही.” हवालदारानं मला विचारलं, “मशीन चालू होतं का?” होतं. “काम करता का त्याच्यावर?” करते. “मग फसवणूक कुठे झाली?” मी नकली कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट केलं, म्हणाला, “हा दिवाणी मामला. आणि पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.” मिस्टर शेजारी उभे होते, ते मला पिशवी धरायला आले होते. अर्ज घेतला, पण पोच देईनात. शिक्का संपलाय म्हणे. शिक्का संपतो का? तुम्ही अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका, आणि देतच नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करून उपयोग नव्हता, तो नंबर ऑनलाइन पैसे उडाले तर आहे.

करखात्याच्या कार्यालयात बिल दाखवलं. त्यावर जीएसटी नंबरच नाही. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मग हे बिलच नाही.” तेच तर सांगायला आले होते! “तुम्ही बिनजीएसटीचं घेतलंत म्हणजे तुम्हीपण सामील.” मी कर चुकवणारी ठरले. दुकानदार तिथून दहा मिनिटांवर, काचेचा दरवाजा लावून, एसीत.

सगळ्यात संताप आणला तो आणखी एका सरकारी टेबलानं. ग्राहक तक्रारीची माहिती घ्यायला गेले तर तिथल्या बाबूंनी विचारलं, “मशीन कशासाठी घेतलं?” डीटीपीसाठी. “म्हणजे धंद्यासाठी. मग तुम्ही ग्राहक नाही.” मी घरी आले, जेवले नाही. लाज, संताप, सगळं एकदम. भावजयीच्या ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं ते असं: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळलीय हे खरं, पण स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही, असं स्पष्टीकरण त्याच व्याख्येखाली आहे. त्याच पानावर! शिलाई मशीन घेणारी बाई, रिक्षा घेणारा माणूस, माझ्यासारखी डीटीपीवाली, सगळे ग्राहक. हे त्या टेबलावर बसणाऱ्याला ठाऊक नसावं? का ठाऊक असून एक फाइल कमी करायची होती?

म्हणून कोणी परत पाठवलं तर गप्प माघारी फिरू नका. ५ लाखांपर्यंत रक्कम दिली असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीची फी शून्य आहे. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं. मला सगळ्यात आधी भेटलेल्या वकिलानं मात्र १०,००० मागितले होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार टाकावी लागते, ‘बघू नंतर’ करत बसू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली तर तिचा नंबर मिळतो, तो जोडता येतो. दुकानदाराला नोटीस रजिस्टर पोस्टानं द्या. आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपा, त्या घरच्यांच्या नावासकट. रोख दिलेल्या २६,००० चा माझ्याकडे त्या कच्च्या चिठोऱ्याशिवाय पुरावा नाही, आणि वकीलबाईंचं कपाळ तिथेच आक्रसलं. रोख देणार असाल तर दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याची पावती घ्या.

मशीन खोलून सगळे फोटो काढून ठेवा, स्टिकरवरचे सीरियल नंबर दिसतील असे. हे नवं घेतल्याच दिवशी करा, कॅबिनेटच्या बाजूचे दोनच स्क्रू असतात. माझे फोटो वर्षानंतरचे, म्हणून समोरचा आता म्हणतोय की कार्ड आम्हीच बदललं. दुरुस्तीला मशीन देतानाही रॅम, डिस्क, कार्ड यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून त्याची सही घ्या. तो हसेल. हसू दे.

नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला होता. आता ‘ताई’ गेलं, ‘मॅडम’ आलं. १८,००० घ्या आणि कागदावर सही करा, तक्रार मागे. नवरा म्हणाला घे, दीर म्हणाला घे. मी ४८,१०० आणि निवडणुकीतले ६,८०० मागितलेत, वर मनस्तापाचे वेगळे. त्यानं फोन ठेवला. तक्रार दाखल झालीय, तारीख लागायचीय, आणि मशीन कॅबिनेट उघडं ठेवून तसंच टेबलावर आहे. पुरावा म्हणून त्याला हात लावायचा नाही असं वकीलबाईंनी बजावलंय, त्यामुळे लग्नसराईचं काम सध्या जुन्याच मशीनवर चाललंय.